हेराची कथा आणि प्रेक्षकांचा कौल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

दूरचित्रवाणीवरील हेरकथा हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहून काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. जमीन, मजुरी, पाणी, बेकारी असे प्रश्न उभे असताना हेरकथांचा विचार कशासाठी, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर साधे आहे. ज्या सामान्य माणसाच्या नावाने चळवळ चालते तो सभेला महिन्यातून एखादे वेळी येतो आणि पडद्यासमोर रोज बसतो. तेथे त्याला काय दाखविले जाते याची चर्चा पुष्कळ होते. परंतु जे दाखविले त्याविषयी त्याचे स्वतःचे मत काय झाले, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

याबाबत दोन समजुती रूढ आहेत. पहिली अशी की, प्रेक्षक हा ओल्या मातीचा गोळा असून सत्ताधारी त्याला हवा तो आकार देऊ शकतात. दुसरी अशी की, करमणूक ती करमणूक. तिचा राजकारणाशी संबंध जोडणे हा विचारवंतांचा रिकामा उद्योग होय. या दोन्ही समजुती एका प्रत्यक्ष उदाहरणावर तपासून पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे. उदाहरण सोव्हिएत रशियातील आहे. ज्या देशात समाजवादाच्या नावाने राज्य चालत होते आणि ज्या देशात प्रेक्षकाला आपले मत मोकळेपणे छापण्याची सोय नव्हती, तेथील प्रेक्षकांनी एका हेरकथेला काय उत्तर दिले, हे समाजवादी कार्यकर्त्याने तरी समजून घेतलेच पाहिजे.

ऑगस्ट १९७३ मध्ये मॉस्कोच्या मध्यवर्ती दूरचित्रवाणीवर ‘वसंताचे सतरा क्षण’ ही बारा भागांची मालिका दाखविण्यात आली. यूलियन सेम्योनोव यांच्या कादंबरीवरून तात्याना लिओझ्नोव्हा या दिग्दर्शिकेने ती कृष्णधवल चित्रफितीवर तयार केली होती. काळ १९४५ चा फेब्रुवारी-मार्च. स्थळ मुख्यतः बर्लिन. हिटलरची राजवट शेवटच्या घटका मोजीत आहे. नाझी सुरक्षा खात्यात कर्नलच्या दर्जाचा एक अधिकारी आहे, श्टिर्लिट्स. वस्तुतः तो मक्सिम इसायेव नावाचा सोव्हिएत हेर आहे. पाश्चात्त्य राष्ट्रांशी स्वतंत्र तह करण्याची खटपट नाझी नेत्यांपैकी कोण करीत आहे याचा छडा लावावा, असा आदेश त्याला मॉस्कोहून मिळतो.

कथेच्या मुळाशी एक ऐतिहासिक घटना आहे. ८ मार्च १९४५ रोजी झुरिच येथे अमेरिकेच्या हेरखात्याचे अॅलन डलेस आणि इटलीतील एसएस दलाचा प्रमुख कार्ल वोल्फ यांची भेट झाली होती. या वाटाघाटींवरून स्टालिन आणि रूझवेल्ट यांच्यात कडवट पत्रव्यवहारही झाला. इटलीतील जर्मन सैन्याच्या शरणागतीवर २९ एप्रिलला सह्या झाल्या. नायक मात्र काल्पनिक आहे. त्याचा मूळ नमुना म्हणून कधी कधी विली लेहमान या माणसाचे नाव घेतले जाते. तो गेस्टापोतच नोकरीला असलेला जर्मन पोलीस अधिकारी होता. १९२९ पासून तो सोव्हिएत हेरखात्याला माहिती पुरवीत होता आणि डिसेंबर १९४२ मध्ये पकडला जाऊन मारला गेला. पडद्यावरचा नायक रशियन आहे आणि अखेरपर्यंत जिवंत राहतो. इतिहास आणि करमणूक यांतील हे अंतर आरंभीच ध्यानात घेतलेले बरे.

मालिकेला मिळालेला प्रतिसाद विलक्षण होता. प्रत्येक भागाचे प्रेक्षक पाच ते आठ कोटी असावेत, असा अंदाज दिला जातो. त्या वेळी रस्ते ओस पडत, गुन्हे कमी होत, असे आजही सांगितले जाते. यात अतिशयोक्तीचा भाग असेलच, परंतु ज्या कृतीविषयी अशा दंतकथा निर्माण होतात तिने लोकांच्या मनाचा ठाव घेतलेला असतो, एवढे मानण्यास हरकत नाही. लोकांना नेमके काय भावले, हे पाहण्यासाठी मालिकेचा तिसरा भाग विचारात घ्यावा.

या भागात गोळीबार नाही, पाठलाग नाही. श्टिर्लिट्सला एका जुन्या भेटीची आठवण होते. ‘एलेफंट’ नावाच्या उपाहारगृहात त्याच्या पत्नीला मॉस्कोहून आणण्यात आले आहे. तिने एका टेबलाशी बसायचे, त्याने काही अंतरावर दुसऱ्या टेबलाशी. बोलायचे नाही, जवळ जायचे नाही, ओळख दाखवायची नाही. पाच-सहा मिनिटे केवळ संगीत चालू असते आणि दोन माणसे एकमेकांकडे पाहतात. मग तिच्यासोबत आलेला माणूस तिला घेऊन निघून जातो. तो तेथेच बसून राहतो. व्याचेस्लाव तिखोनोव आणि एलेओनोरा शाश्कोव्हा यांचा हा निःशब्द प्रवेश मूळ कादंबरीत नव्हता. हेरकथेच्या रूढ हिशेबाने पाहिले तर एवढा वेळ काहीही न घडणे म्हणजे प्रेक्षक गमावणे होय. प्रत्यक्षात याच प्रवेशाला प्रेक्षकांनी सर्वांत अधिक जीव लावला.

याचे कारण प्रेक्षकांच्या घरांत होते. त्या युद्धात सोव्हिएत देशाने गमावलेल्या माणसांचा अधिकृत आकडा त्या काळी दोन कोटी सांगितला जाई. पुढे तो सुमारे दोन कोटी सत्तर लाख असल्याचे मान्य करण्यात आले. १९७३ मध्ये पन्नाशीच्या आसपास असलेल्या लक्षावधी स्त्रिया अशा होत्या की, त्यांनी नवऱ्याला किंवा वाग्दत्त वराला १९४१ मध्ये निरोप दिला आणि नंतर तो दिसलाच नाही. सरकारी स्मारकांवर वीरांची नावे होती, संचलने होती, पदके होती. वाट पाहणाऱ्या माणसाला मात्र त्यांत जागा नव्हती. ती जागा या पाच मिनिटांनी दिली. प्रेक्षकांनी हेराचे शौर्य पाहिले नाही असे नाही; पण आपले म्हणून जे उचलले ते त्याचे एकाकीपण. दुसऱ्या एका प्रसंगात २३ फेब्रुवारी, म्हणजे लाल सेनेचा वर्धापनदिन, हा हेर घरात एकटाच साजरा करतो. शेगडीच्या राखेत बटाटे भाजून हातांनी सोलून खातो. खंदकात दिवस काढलेल्या प्रत्येक शिपायाला हे जेवण ठाऊक होते. नाझी गणवेशातील माणूस आपला आहे, हे लोकांना पटले ते भाषणाने नव्हे, बटाट्याने.

आता निर्मात्यांच्या बाजूकडे वळावे. ही मालिका केवळ कलावंतांच्या हौसेतून निर्माण झालेली नव्हती. यूरी अंद्रोपोव १९६७ मध्ये केजीबीचे प्रमुख झाले. स्टालिनच्या काळापासून या खात्याच्या नावावर रक्त साचले होते. हेर म्हणजे संयमी, सुसंस्कृत, एकनिष्ठ देशभक्त, अशी प्रतिमा लोकांच्या मनात रुजावी, असा नव्या प्रमुखांचा प्रयत्न होता आणि साहित्य व चित्रपट ही त्याची साधने होती. मालिकेच्या श्रेयनामावलीत मुख्य सल्लागार म्हणून जनरल मिशिन असे नाव आहे. या टोपणनावामागे होते केजीबीचे उपप्रमुख सेम्योन त्स्विगून.

आणि त्याच ऑगस्ट महिन्यात हे खाते दुसरीकडे काय करीत होते? याच अंद्रोपोव यांच्या कारकीर्दीत १९६७ साली मतभेद व्यक्त करणाऱ्या नागरिकांवर नजर ठेवण्यासाठी एक स्वतंत्र विभाग उघडण्यात आला होता. ऑगस्ट १९७३ मध्ये लेनिनग्राडमधील एका वयोवृद्ध टंकलेखिकेला चौकशीसाठी नेण्यात आले. तिचा अपराध एवढाच की, सोल्झेनित्सिन यांच्या श्रमछावण्यांवरील ग्रंथाचे तिने टंकलेखन केले होते. सलग काही दिवस चाललेल्या चौकशीत तिच्याकडून हस्तलिखिताचा ठावठिकाणा काढून घेण्यात आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती घरी गळफास लागलेल्या स्थितीत मृत आढळली. २९ ऑगस्टला ‘प्रावदा’ने चाळीस शास्त्रज्ञांच्या सह्यांचे, आंद्रेई साखारोव यांचा निषेध करणारे पत्र छापले. पडद्यावर गेस्टापोचे अधिकारी बंदी स्त्रीची उलटतपासणी करीत होते आणि कोट्यवधी लोक तिच्यासाठी श्वास रोखून बसले होते. त्याच दिवसांत त्याच देशात एका खोलीत खरी उलटतपासणी चालू होती आणि तिची बातमी छापण्यास कोणत्याही वृत्तपत्राला मुभा नव्हती. मालिकेतील कलावंतांना यासाठी दोषी धरता येणार नाही. परंतु ज्या राज्यसंस्थेने पडद्यावर करुणा दाखविली ती स्वतःच्या नागरिकाला ती देऊ शकली नाही, हे नोंदविल्याशिवाय या मालिकेचा इतिहास पूर्ण होत नाही.

येथवरचे चित्र पहिल्या समजुतीला अनुकूल वाटेल. राज्यकर्त्यांनी कथा रचली, लोकांनी डोळे पुसले, खात्याची प्रतिमा उजळली. परंतु लोकांनी आपले मत एवढ्यावर थांबविले नाही.

मालिकेत एक युक्ती वारंवार योजलेली आहे. एखादा नाझी अधिकारी पडद्यावर आला की निवेदक येफिम कोपेल्यान धीरगंभीर आवाजात त्याच्या सेवापुस्तिकेतील नोंद वाचून दाखवितात. हा खरा आर्य आहे, स्वभावाने नॉर्डिक आणि धीराचा आहे, सहकाऱ्यांशी त्याचे संबंध चांगले आहेत, राज्याच्या शत्रूंना तो क्षमा करीत नाही, अशा धर्तीची ती नोंद असते. माणूस बदलतो, नोंद जवळजवळ तीच राहते. सोव्हिएत प्रेक्षकाला ही भाषा परकी नव्हती. नोकरीत बढती हवी असो वा परदेशी जाण्याचा परवाना हवा असो, प्रत्येक नागरिकाला कार्यालयाकडून, पक्षशाखेकडून असेच एक शिफारसपत्र घ्यावे लागे: राजकीयदृष्ट्या साक्षर, नैतिकदृष्ट्या स्थिर, सामाजिक कार्यात सहभागी. ‘स्वभावाने नॉर्डिक’ हे शब्द पाहता पाहता लोकांच्या तोंडी बसले. कारखान्यात आणि कचेरीत सहकाऱ्याचे वर्णन करताना ते थट्टेने वापरले जाऊ लागले. पडद्यावरच्या बर्लिनमधील लांब व्हरांडे, दारापाशीचे पहारेकरी, वरिष्ठासमोर एक आणि मागे दुसरे बोलणारे अधिकारी, प्रत्येकाची फाईल आणि फाईलवर चालणारे प्रत्येकाचे आयुष्य, हे सारे लोकांनी ओळखले. नाझी राजवटीचे चित्र म्हणून जे दाखविले त्यात त्यांना स्वतःच्या कार्यालयाची रचना दिसली.

लिओनिद ब्रोनेवोय यांनी रंगविलेला गेस्टापोप्रमुख म्युलर हा तर प्रेक्षकांचा लाडका झाला. सरकारी चित्रपटांतील नाझी अधिकारी आरडाओरड करणारे, मूर्ख आणि क्रूर असत. हा म्युलर थकलेला, चतुर, खवचट आहे. कोणावरही विश्वास ठेवू नये असे सांगून, माझ्यावर मात्र ठेवायला हरकत नाही, असे तो मिस्कीलपणे सुचवितो. अशा साहेबाच्या हाताखाली काम केलेले लोक प्रेक्षकांत पुष्कळ होते. शेलेनबर्गची भूमिका करणारे ओलेग तबाकोव सांगत की, शेलेनबर्गच्या जर्मनीतील पुतणीने त्यांना आभाराचे पत्र धाडले होते. खलनायकाच्या घरून आलेले हे प्रशस्तिपत्र कलावंताला जितके सुखावणारे तितकेच अवघडून टाकणारे म्हटले पाहिजे. माणुसकीचे चित्रण एकदा सुरू झाले की ते केवळ आपल्या बाजूच्या माणसांपुरते राखून ठेवता येत नाही, आणि प्रेक्षक त्यातून काय घेईल याची हमी कोणतेही खाते देऊ शकत नाही.

त्यानंतर विनोद आले. श्टिर्लिट्सवरील विनोदांची संख्या मोजणे अशक्य आहे. त्यांतील एक प्रसिद्ध विनोद असा: श्टिर्लिट्स बर्लिनच्या रस्त्यावरून चालला आहे आणि आपण सोव्हिएत हेर असल्याचे लोकांना कसे कळते, हे त्याला उमगत नाही, टोपीवरील लाल ताऱ्यामुळे की पाठीमागून फरफटत येणाऱ्या पॅराशूटमुळे? हे विनोद निवेदकाच्या त्याच धीरगंभीर सुरात सांगितले जात. सरकारने जो नायक निर्दोष, सर्वज्ञ आणि सदैव गंभीर म्हणून दिला होता त्याला लोकांनी भोळसट, धांदरट आणि आपल्यातला करून टाकले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, लोकांचे त्याच्यावरील प्रेम यामुळे आटले नाही. मालिका पुन्हा लागली की तेच लोक पुन्हा बसत, तिसऱ्या भागात पुन्हा गहिवरत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विनोद सांगत.

म्हणजे प्रेक्षक मातीचा गोळा नव्हता. त्याने मालिकेतील विरह घेतला, गणवेशाची भीती टाकली, फाईलची भाषा सरकारवरच उलटविली. हा प्रेक्षकांचा कौलच होता. तो कोणत्याही वृत्तपत्रात छापला गेला नाही, त्यावर कोणी सही केली नाही, आणि तरीही देशातील जवळजवळ प्रत्येकाला तो ठाऊक होता.

मित्रहो, येथेच थांबून लोकांच्या शहाणपणाचा जयजयकार करणे सोपे आहे. परंतु दुसरी समजूतही तपासायची आहे आणि ती तपासताना मन खिन्न होते. विनोदात मत असते, पण मतपेटी नसते. कचेरीतील थट्टेला संघटना लागते, छापखाना लागतो, सभेचे मैदान लागते. तेव्हाच तिचे राजकारण होते. यांतले काहीही सोव्हिएत नागरिकापाशी नव्हते. १९८२ मध्ये ब्रेझनेव यांच्या राजवटीने तिखोनोव यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब दिला. विनोद चालूच राहिले आणि राजवटही चालू राहिली.

या संदर्भात भारतातील एका सायंकाळची आठवण उचित ठरेल. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधी पक्षांची सभा होती. जयप्रकाश नारायण आणि नुकतेच काँग्रेस सोडून आलेले जगजीवनराम बोलणार होते. लोकांनी घरी बसावे म्हणून दूरदर्शनने त्या सायंकाळी ‘बॉबी’ हा लोकप्रिय चित्रपट दाखविला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. लोक तरीही मैदानावर लोटले. आणीबाणीच्या काळात भारतीय माणसानेही कुजबुजत विनोद सांगितले होते. परंतु त्याच्या हाती आणखी एक गोष्ट आली: निवडणूक जाहीर झाली, मैदान खुले झाले आणि मार्चमध्ये विनोदाचे मत झाले. दोन देशांतील लोकांच्या अकलेत फरक नव्हता. एकीकडे असंतोषाला वाट मिळाली, दुसरीकडे मिळाली नाही.

वाट न मिळालेल्या असंतोषाचे पुढे काय होते, तेही याच मालिकेच्या इतिहासात दिसते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. नंतरच्या दशकात बचत बुडाली, वेतने थकली, कारखाने कवडीमोलाने विकले गेले. अपमानित आणि गोंधळलेल्या समाजाला जुन्या मालिकेतील शांत, कमी बोलणारा अधिकारी पुन्हा आकर्षक वाटू लागला. त्या दशकाच्या आरंभी पीटर्सबर्गच्या महापौर कार्यालयातील एका अधिकाऱ्यावर अनुबोधपट निघाला. त्यात श्टिर्लिट्सच्या मोटारप्रवासाची आठवण करून देत, मालिकेच्याच संगीताच्या साथीने तो गाडी चालविताना दाखविला होता. हा अधिकारी पूर्वी केजीबीतर्फे ड्रेस्डेन येथे काम करीत असे. १९९९ मध्ये रशियात जनमत-चाचणी घेऊन विचारण्यात आले की, चित्रपटांतील कोणता नायक राष्ट्राध्यक्ष म्हणून आवडेल. उत्तरांत श्टिर्लिट्सचे नाव अग्रभागी होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ड्रेस्डेनचा तो अधिकारी, व्लादिमीर पुतिन, हंगामी राष्ट्राध्यक्ष झाला.

एका मालिकेने राष्ट्राध्यक्ष घडविला असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. त्याची कारणे उद्ध्वस्त अर्थव्यवस्थेत, युद्धात आणि लोकशाही पक्षांच्या दुबळेपणात शोधावी लागतील. परंतु करमणुकीचा राजकारणाशी संबंध नाही, हेही आता म्हणता येणार नाही. ज्या लोकांनी वीस वर्षे गुप्तहेराची थट्टा केली त्याच समाजाने संकटकाळी त्याच्यात त्राता पाहिला. थट्टा खोटी नव्हती, भक्तीही खोटी नव्हती. भीती आणि असुरक्षितता वाढली की माणूस आपल्याच दोन मतांपैकी दुबळे मत निवडतो. सबळ मत टिकून राहण्यासाठी त्याला सोबत लागते, आणि ही सोबत देणे हेच राजकीय पक्षाचे काम असते.

या उदाहरणातून कार्यकर्त्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, लोक काय पाहतात यावरून त्यांना तुच्छ लेखू नये. आज घरोघरी, हातोहाती हेरकथा पाहिल्या जातात; त्यांत शत्रू कोण, संशयित कोण आणि छळ क्षम्य केव्हा, हे ठरवून दिलेले असते. त्यावर टीका अवश्य करावी, पण त्याआधी पाहणाऱ्याशेजारी बसून त्याला काय आवडले, कोठे हसू आले, कोणाची दया आली, हे विचारावे. उत्तरात अनेकदा कथाकाराच्या हेतूपेक्षा वेगळेच काही सापडेल. दुसरी गोष्ट अशी की, लोकांचा विनोद हा ठरावाइतकाच गांभीर्याने ऐकावा. आपल्या पक्षाविषयी गावात कोणता विनोद चालतो हे ज्या कार्यकर्त्याला ठाऊक नाही, त्याला पक्षाची स्थितीच ठाऊक नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, समाजवादाच्या नावाने चालणाऱ्या राज्यातही माणसाला मत बोलण्याची, छापण्याची आणि त्यासाठी एकत्र येण्याची मोकळीक नसेल, तर त्या राज्यातील करुणा पडद्यापुरतीच उरते.

‘एलेफंट’मधील ती दोन माणसे पाच मिनिटे समोरासमोर बसली आणि एक शब्द न बोलता उठली. कोट्यवधी प्रेक्षकांना ती आपली वाटली, यात नवल नाही. बोलायचे खूप असून बोलता न येणे हा त्यांचाही रोजचा अनुभव होता. कार्यकर्त्याने जेथे जेथे लोक असे गप्प बसलेले दिसतील तेथे तेथे जावे, त्यांच्याशेजारी बसावे आणि त्यांना बोलते करावे. सभा त्यानंतरही घेता येते.